चौकोनी डब्यातला वाकडा शॉक

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या लॅबमध्ये गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यापासून डीनपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. आई म्हणते, हौसेने श्रावस्ती नाव ठेवलं, बुद्धाने जिथे इतके पावसाळे शांतपणे काढले त्या गावाचं, आणि पोर निघाली फटाक्यांची माळ. तर जे झालं ते मी माझ्या पद्धतीने सांगणार आहे. मधेच आवाज चढला तर सांभाळून घ्या.

आमची लॅब फरीदाबादला. दिल्लीत मयूर विहारच्या घरून मेट्रोची पिंक लाइन, लाजपत नगरला उतरून व्हायलेट लाइन, मग शेअरची ई-रिक्षा. तिथे मी पीएचडी करते. विषय असा की हवा आवाजापेक्षा जास्त वेगाने बंद नळीतून जाते, तेव्हा नळीच्या आकाराचा तिच्यातल्या शॉकवर काय परिणाम होतो. नातेवाइकांना हे सांगितलं की दोन मिनिटं गप्प बसतात आणि विचारतात, "अच्छा, मग नोकरी कधी?"

शॉक म्हणजे विजेचा नव्हे. हवेला पुढची खबर लागते ती आवाजाच्या वेगाने. आता हवा स्वतःच आवाजाच्या पुढे पळत असेल, तर पुढे काय वाढून ठेवलंय ते तिला कळणार कसं? पुढे दाब वाढलेला असतो, ही बेधडक पळत येते आणि एका जागी एकदम दचकते. त्या जागेच्या अलीकडे वेग जास्त, पलीकडे कमी, आणि मधली रेघ कागदाहून पातळ. त्या रेघेला आम्ही शॉक म्हणतो. मोकळ्या आकाशात तो एकटा असतो. नळीत मात्र एकामागे एक अशी रांग लागते, आणि ही रांग कुठे आणि कशी उभी राहते त्यावर नळीच्या पुढे बसणारं विमानाचं इंजिन चालणार की बंद पडणार ते ठरतं. म्हणून ही सगळी यातायात.

नळी गोल असती तर बरं झालं असतं, पण गोल नळीच्या आत बघता येत नाही. वाकलेल्या काचेतून चित्रही वाकडं दिसतं. म्हणून आमची नळी चौकोनी, दोन्ही बाजूंना सपाट काच, वर-खाली स्टील. आम्ही तिला डबाच म्हणतो. मागच्या मोठ्या टाकीत हवा दाबून भरायची, झडप उघडायची, आणि काही सेकंद डब्यातून हवा सुसाट सुटते. तेवढ्यात काचेतून उजेड सोडून कॅमेऱ्याने शॉकचे फोटो काढायचे. आवाज इतका की शेजारच्या इमारतीतले अकाउंट्सवाले अजून आम्हाला शिव्या घालतात.

हा डबा मी बसवला. आराखडा माझा, फरीदाबादच्या वर्कशॉपमध्ये उभं राहून करून घेतला मी, घासला मी, एकेक बोल्ट आवळला मी. आणि त्यात शॉक वाकडा यायचा. मधोमध ताठ उभा राहायचा सोडून वरच्या भिंतीकडे झुकायचा. दर वेळी. मागची सगळी रांग त्याच्यामागोमाग तिरकी.

आता शेजारच्या टेबलावर अंशुमन दाते. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा, पीएचडी होऊन लॅबमध्येच संशोधक म्हणून राहिलेला, दिल्लीतच जन्मलेला आणि 'दिवेलागण' म्हणजे काय असं मला विचारणारा मराठी माणूस. मी डब्यात हवा सोडते, तो तोच डबा कॉम्प्युटरमध्ये सोडवतो. त्याचा शॉक मधोमध, सरळ, सुंदर. त्यावर त्याचा पेपर छापून आलेला, लोकांनी नावाजलेला. माझ्या मोजमापाने त्याच्या गणिताला दुजोरा द्यायचा, अशी माझ्या थिसिसची योजना होती. दुजोरा कसला, माझं मोजमाप आणि त्याचं गणित यांचंच भांडण लागलं.

आमचे गाइड विश्वास करंदीकर सर. पहाडगंजातल्या जुन्या मराठी घरातले. माणूस हुशार, मेहनती, कुणाचं श्रेय लाटणार नाही. मला या विषयात काही येत असेल तर ते त्यांनी शिकवलं म्हणून, हे मी नाकारणार नाही. त्यांची एक रीत होती. ते चारचौघांत कधी कुणाला रागावत नाहीत. आत बोलवायचं, केबिनचं दार लावायचं, मग बोलायचं. आम्हा मराठी पोरांना मराठीत, बाकीच्यांना इंग्रजीत. बाहेर आल्यावर जो तो आपापलं तोंड धुऊन कामाला लागायचा आणि आत काय झालं ते कुणालाही सांगायचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आम्हाला ही रीत फार सभ्य वाटायची.

मी वाकडे फोटो घेऊन गेले तेव्हा दार लागलं. सरांनी फोटो बघितले, चष्मा काढला.

"श्रावस्ती, असं काम करायला हात लागतो. एकेकाचा असतो, एकेकाचा नसतो. तुझा नाही. वाईट वाटून घेऊ नकोस."

"सर, मी सगळी मापं तपासलीत. सगळी मर्यादेत आहेत."

"मग शॉक वाकडा का? हवेला काय तुझ्याशी वैर आहे? परत बसव."

परत बसवला. परत वाकडा. त्यानंतर वर्षभर हेच चाललं. मी डबा उघडायचे, पुसायचे, लावायचे, आणि केबिनमधून 'तुझा हात' ऐकून बाहेर यायचे. घरी येऊन आईवर डाफरायचे. त्या माउलीचा काय दोष?

मग मार्च उजाडला. एप्रिलमध्ये माझ्या कमिटीची शेवटची बैठक. मुदतवाढ आधीच घेऊन झालेली, आता पुढे नाही. कमिटीने मोजमाप खरं धरलं तर थिसिस लिहायची परवानगी. डबा खोटा म्हटलं तर नवीन डबा करा, आणि नवीन डबा होईपर्यंत माझं नाव संस्थेच्या पटावरून गेलेलं. म्हणजे प्रश्न एकच होता. माझ्या हातचं मोजमाप खरं धरायचं की नाही?

सरांनी बोलावलं. दार लागलं.

"सगळेच काही वाकडे नसतील. काही बरे असतील ना?"

"हवा सुरू होताना क्षणभर सरळ असतो, सर. मग झुकतो."

"तेवढे क्षण घे. बाकीचे बैठकीला दाखवू नकोस. मी तुझ्या भल्याचं सांगतोय. उगाच डबा खोटा ठरला तर तूच अडकशील."

ते खरंच माझ्या भल्याचं सांगत होते. म्हणून तर जास्त राग आला. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं.

घरी बाबांना सांगितलं. माझे बाबा काशीनाथ रामटेके, मूळ भंडाऱ्याचे, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"सरळ फोटो दाखव आणि डिग्री घे. एकदा हातात पडली की गरज सरो, वैद्य मरो. तोवर वैद्याशी गोड बोलावं."

"बाबा, ते खोटं आहे."

"खोटं कुठे? तू काढलेलेच फोटो आहेत ना?"

"तुम्ही नोकरीत केलं असतं असं?"

बाबांनी टीव्हीचा आवाज परत वाढवला. आई आतून म्हणाली, "बापाला कशाला बोलतेस, जेवून घे." मी जेवले नाही. नंतर उठून डब्यातला उरलेला पुलाव खाल्ला ती गोष्ट वेगळी.

रात्रभर डोक्यात तेच. झुकाव कुणाचा? माझ्या डब्याचा, की हवेचा? आणि सकाळी ब्रश करताना सुचलं, अगं बावळट, उलटा बसव ना! डबा वरचा खाली, खालचा वर. दोष डब्यात असेल तर झुकावही उलटेल, शॉक खाली झुकेल. दोष डब्यात नसेल तर शॉक वरच झुकत राहील. एवढं साधं, आणि वर्षभर मी बोल्ट आवळत बसले होते.

सर म्हणाले, आता बैठकीआधी काही उघडायचं नाही, सील गेलं तर आहे तेही हातचं जाईल. मी 'हो सर' म्हटलं. ते कॉन्फरन्स आणि पुढच्या कामासाठी तीन आठवडे बंगळूरला गेले, आणि त्याच दिवशी मी पाना घेतला. म्हटलं, गेलं खड्ड्यात. होऊ दे काय व्हायचं ते.

दुपारपर्यंत डबा उलटा बसला. हवा भरली, झडप उघडली, फोटो बघितला. शॉक खाली झुकलेला.

परत केलं. खाली. आणखी एकदा. खालीच.

म्हणजे झुकाव डब्याबरोबर उलटला होता. दोष डब्यातच होता. शेवटी मीच दिवा धरून सगळी कड बोटाने चाचपली. हवेला वेग देणारं नॉझल आणि डबा जिथे जुळतात तिथे एका बाजूला केसभर पायरी होती. मर्यादेत बसणारी, पण होती. मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. सर बरोबर होते. वर्षभर त्या माणसाला मनातल्या मनात काय काय बोलले होते मी, आणि सर बरोबर होते. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

पण आता लपवायचं कसं? उलटून बघितलं नसतं तर गोष्ट वेगळी. बघितलं म्हटल्यावर सांगावं लागणार. मी ठरवलं, बैठकीत उभं राहून सांगायचं की डबा खोटा आहे, आणि घरी जायचं. अंशुमनला गेटबाहेरच्या टपरीवर चहाला नेलं. कुणाला तरी आधी सांगून बघायचं होतं, तोंडातून शब्द निघतात का ते.

"मी हरले, यार. डबा उलटा केला, शॉकही उलटला. माझा डबा वाकडाच आहे. सर म्हणत होते ते बरोबर."

अंशुमनने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"शॉक झुकत होता? तुझा? मला वाटलं तुझं काहीतरी लीकेज चाललंय. तू कधी बोललीच नाहीस."

"वर्षभर झुकतोय. काय सांगू, माझा हात खराब आहे म्हणून? सर आत बोलावून तेच ऐकवत होते. वर तुलाही सांगू?"

त्याने स्टूल माझ्याजवळ ओढलं. मग म्हणाला, "माझाही झुकतो."

"काय?"

"मी पूर्ण डबा सोडवत नाही. पाव सोडवतो. डबा चारही बाजूंनी सारखा, मग पाव सोडवून बाकीचं आरशासारखं उतरवायचं. कॉम्प्युटरचे आठवडे वाचतात. सगळे असंच करतात. पण गेल्या दिवाळीनंतर मी एकदा पूर्ण डबा लावला होता, म्हटलं बघू. तो एका बाजूला झुकला. मी सरांना दाखवला."

कागदाची चौघडी घालून कात्रीने नक्षी कापली, तर ती चारही बाजूंना सारखीच येणार. तिला दुसरं काही येताच येणार नाही. पाव डब्यातला शॉक सरळ उभा होता, कारण त्याला झुकायला जागाच ठेवली नव्हती. हे मला टपरीवर बसल्या बसल्या कळलं.

"आणि अंशुमन, कॉम्प्युटरमधल्या डब्याला पायरी नसते."

"नसते ना. तो वाकडा असूच शकत नाही. तेच तर तुला सांगतोय."

म्हणजे बघा. निर्दोष डब्यातही शॉक झुकत होता. झुकायचं हे चौकोनी डब्यातल्या हवेने आधीच ठरवलेलं होतं. माझ्या पायरीने फक्त कुठल्या बाजूला ते सांगितलं. जगातला कुठलाही खरा डबा केसभर तरी चुकलेला असणारच.

"मग सरांनी काय म्हटलं तुला?" मी विचारलं.

"काही नाही. म्हणाले ग्रिड खराब असेल, होतं असं, तुझं काम चांगलं असतं, वेळ घालवू नकोस, पाववालंच ठेव. मी काढून टाकलं."

मी ते वाक्य परत म्हणायला लावलं. ग्रिड खराब असेल. तुझं काम चांगलं असतं. ग्रिड म्हणजे गणितासाठी डब्यात मांडलेली जाळी. शॉक तोच, झुकाव तोच, दारही तेच. त्याची जाळी खराब होती, आणि माझा हात. मी ग्लास टेबलावर इतक्या जोरात आपटला की टपरीवाला म्हणाला, "मैडम, काँच का है." त्याची माफी मागितली. अंशुमनला कळलं नाही काय झालं ते. त्याला 'काही नाही' म्हटलं. आधी काम होतं.

काम असं की झुकाव चौकोनामुळेच आहे, हे दाखवायचं. नुसतं दोघांचा झुकतो म्हणून भागणार नाही. कमिटी म्हणेल, दोघंही चुकले.

चौकोनी नळीत आणि गोल नळीत फरक काय? कोपरे. भिंतीला चिकटून चालणारी हवा आळशी असते, भिंत तिला मागे ओढते. कोपऱ्यात दोन भिंतींची आळशी हवा एकत्र येते. घर झाडताना बघा, मधली फरशी लख्ख होते आणि कचरा कोपऱ्यात राहतो, झाडू तिथे पोचतच नाही. शॉकने दाब वाढवला की आधी ही कोपऱ्यातली हवा हार मानते, भिंत सोडते आणि फुगते. एका बाजूचे कोपरे जरा जास्त फुगले की तिकडची वाट अडते, हवा दुसऱ्या बाजूला सरकते, त्या बाजूचे कोपरे दबतात. एकदा बाजू धरली की धरली. मग शॉकही त्या बाजूचाच.

म्हणजे कोपरे बुजवले तर?

फरीदाबादच्या मार्केटमधून नळाला लावतात ती पुट्टी आणली. पायरी तशीच ठेवली, मुद्दाम. तिला हातही लावला नाही. डब्याच्या चारही आतल्या कडांना पुट्टी भरून बोटाने गोलाई दिली, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासली. अंशुमन बॅटरी धरून उभा होता आणि 'इथे जास्त झालं, तिथे कमी झालं' करत होता. शेवटी मी त्याला बाहेर हाकललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हवा सोडली. फोटो उघडायला अंशुमनलाच सांगितलं. माझी हिंमत नव्हती.

"बिल्कुल सीधा," तो म्हणाला. मग मराठी आठवलं. "अगं, सरळ आहे!"

अगदी काटकोनात नाही, जराशी मान कलती होती. पण मधोमध उभा. तोच डबा, तीच पायरी, तोच माझा हात. पुट्टी खरवडून काढली, शॉक परत झुकला. परत भरली, परत सरळ. त्या दिवशी मी मेट्रोत एकटीच हसत होते, आणि समोरच्या बाईने पर्स जवळ ओढून घेतली.

अंशुमनने पूर्ण डबा परत कॉम्प्युटरवर लावला. आठवड्याहून जास्त लागलं. झुकला. मग गोल कोपऱ्यांचा लावला. सरळ. छापून आलेल्या पेपरला आता दुरुस्ती जोडावी लागणार, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी त्याने लावला. तेवढं श्रेय त्याचं आहे आणि मी ते देते.

सर परत आले तेव्हा आम्ही दोघं एकदमच गेलो. सर दार लावायला उठले, मी म्हटलं, राहू द्या सर, उकडतंय. त्यांनी सगळं बघितलं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बराच वेळ बघत होते. डबा न विचारता उघडला म्हणून रागावतील असं वाटलं होतं. तसं काही बोलले नाहीत. "बैठकीत असंच मांडा," एवढंच म्हणाले.

बैठकीला बाहेरून तज्ज्ञ म्हणून सुहासिनी मॅडम आल्या होत्या. आयुष्य अशाच नळ्यांत गेलेलं, आता निवृत्त, बोलायला तिखट. मी पायरीपासून सुरुवात केली. आधी स्वतःचा दोष सांगितला, मग उलटा डबा, मग पूर्ण डब्याचं गणित, मग पुट्टी. पुट्टीला एक प्रोफेसर हसले. मॅडम हसल्या नाहीत.

"हा झुकाव पहिल्यांदा कधी दिसला?" त्यांनी विचारलं.

"मला गेल्या उन्हाळ्यात," मी म्हटलं.

"मला दिवाळीनंतर," अंशुमन मागून म्हणाला.

मॅडमनी दोघांकडे बघितलं. "एका खोलीत बसता ना तुम्ही? मग एकमेकांना सांगितलं कधी?"

"मार्चमध्ये."

"आश्चर्य आहे. आणि तोवर हे कुणालाच माहीत नव्हतं?"

सर म्हणाले, "मला माहीत होतं. दोघांनी मलाच दाखवलं होतं."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"म्हणजे करंदीकर, निष्कर्ष तुमच्या टेबलावर होता."

"होय," सर म्हणाले. "मला तो दोन चुका वाटला."

मॅडमनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला, दाबाच्या मोजमापाबद्दल. तासभर चाललं. शेवटी आम्हाला बाहेर बसवलं, परत आत बोलावलं. मोजमाप ग्राह्य. थिसिस लिहायची परवानगी. वर मॅडम म्हणाल्या की कोपऱ्यांचा भाग शेवटी टाकू नकोस, पहिला घे, थिसिस तोच आहे. मी 'थँक यू मॅडम' म्हटलं. बाहेर जाऊन बाबांना फोन केला. "झालं, बाबा." पलीकडे काही ऐकूच येईना. मग आईचा आवाज आला, "हे रडतायत गं, तू घरी ये."

प्रोजेक्टरची वायर काढायला मी परत खोलीत गेले. सगळे निघून गेले होते. सर एकटे लॅपटॉप बॅगेत भरत होते. त्यांचा चेहरा खुलला होता, खोटं कशाला बोलू. त्यांना मनापासून आनंद झाला होता.

"चल," ते म्हणाले. "अंशुमनलाही घे. कस्तुरबा गांधी मार्गावर मराठी थाळी खाऊ. आज माझ्याकडून."

"सर, एक विचारू?"

"विचार की."

"अंशुमनचा शॉक झुकला तेव्हा तुम्ही म्हणालात, ग्रिड खराब असेल. माझा झुकला तेव्हा म्हणालात, तुझा हात नाही या कामाचा. शॉक एकच होता, सर. मग त्याची जाळी आणि माझा हात, असं का?"

त्यांचे हात बॅगेवर थांबले. लगेच काहीतरी बोलतील असं वाटलं. प्रयोग आणि गणित वेगळं असतं, असं काहीतरी. रामटेके आणि दाते ही दोन नावं त्या खोलीत कुणीही उच्चारली नाहीत. ती उच्चारायची गरज नव्हती.

"मी असं म्हणालो?" त्यांनी हळू विचारलं.

"वर्षभर म्हणालात."

"मी तसा विचार करून नाही म्हणालो, श्रावस्ती. खरंच नाही. आपोआप आलं तोंडातून."

"ते मला कळतंय, सर. मी तेच विचारतेय. आपोआप का आलं?"

मला वाटलं होतं मी ओरडेन, वर्षभराचं सगळं बाहेर काढेन. पण आवाज चढलाच नाही. राग होता, भरपूर होता, आणि मला कुठेही जायचं नव्हतं.

"मला माहीत नाही," सर म्हणाले.

"मग शोधा, सर," मी म्हटलं. "मी थांबते. आता मला कुठलीही मुदत पाळायची घाई नाही."

आणि मी समोरची खुर्ची ओढून बसले.